चौथं बोट

जालना, जेल
९ नोव्हेंबर २०२४

सूरज,

पोलिसांनी माझा फोन जमा करून घेतला, म्हणून हे कागदावर. तसाबी फोन असता तरी तू उचलला नसतास. नेहल मॅडम म्हणून एक वकील पोरगी मला सरकारातून फुकट मिळालीय, जालन्यातल्याच मारवाडी घरातली, तुझ्याच वयाची. तिनं वही आन् पेन आणून दिला. म्हणली, मावशी, मनातलं लिहा, राग उतरंल. माझा राग उतरायला एक वही पुरायची न्हाई, पण तुझा चाकणचा पत्ता पाठ होता, म्हणून लिहून राह्यले.

पयलं सांग, अक्षताच्या हाताचे टाके निघाले का? तू तिला तुझ्याकडं घेऊन गेलास, बराबर केलंस. जाताना माझ्याकडं बघितलंबी न्हाई, ते बराबर केलं न्हाईस. ती तुझी बायको व्हायच्या आधी माझ्या भावाची पोर आहे. तिचं इचारायचा हक्क मला आहे आन् मी इचारणारच.

आता बद्रीनाथचं. गावातल्यांनी तुला तिखटमीठ लावून सांगितलं असंल. मी त्याला मारलं हे खरं. एक हातोडी मारली, एकच, ती त्याच्या हातावर बसली. बाकीचं लोकांच्या पदरचं.

तू तिकडं कंपनीत, तुला मुळापासून ठाव न्हाई. आमच्या गटातल्या अकरा बायांनी मळणीयंत्र घ्यायचं ठरवलं होतं. आपण हडंबा म्हणतो तेच, ट्रॅक्टरवर चालणारं. दरसाल दुसऱ्याच्या हडंब्यावर सोयाबीन टाकून टाकून आमच्या छात्या धुळीनं भरल्या, आन् यंत्राचा मालक बाजेवर बसून चहा प्यायचा. म्हणलं आपलंच घेऊ, पिंपळगाव रेणुकाईपासून जाफराबादेपर्यंत आपणच सोयाबीन काढू. पोळ्याच्या आधी मी जाफराबादेत बद्रीनाथच्या शेतीयंत्रांच्या दुकानात गेल्ते. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं उभी. तो म्हणला, ताई, तुम्हाला जो भाव द्यायचाय तो ह्यांच्यासमोर मोठ्यानं बोलता येत न्हाई. मंग मी पदराखालून हात पुढं केला.

तुझा आजा कचरू बैलबाजारात दलाल होता, हे तुला ठाव आहे. तिथं भाव तोंडानं बोलत न्हाईत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतात, जितकी बोटं दाबली तितका भाव. हात मागं घेतला की सौदा मोडला. बद्रीनाथचा बाप त्याच बाजारात माझ्या बापाच्या शेजारी उभा राह्यचा. आम्ही दोघंबी लहानपणी त्यांच्या पायाशी बसून ही बोटं शिकलेलो. बद्रीनाथ हसला, पण त्यानं हात पदराखाली घातला. आधी दोन बोटं, ते लाख. मंग पंजा आन् वर तीन, ते ऐंशी हजार. मी दाबली. त्यानं हात मागं घेतला न्हाई. पन्नास हजार इसार तिथंच मोजला.

आठ दिवसांनी फोन आला, कंपनीनं भाव वाढवला, दोन पंचाण्णव पडतील. पोळा झाला तर तीन लाख दहा हजार. सोयाबीन पिवळी पडायला लागली तसा हा सव्वातीनवर. आता आम्ही दुसरीकडं कुठं जाणार, हे त्याला बिलकुल ठाव होतं. मी म्हणले, तू बोटं दिलीस. तर म्हणतो, ताई, बोटांची काय पावती असते का. त्याच्या बापानं बोटं तोडून दिली असती पण भाव फिरवला नसता.

मी दुकानाच्या पायरीवर दिवसभर बसले आन् शेवटी दोन ऐंशीलाच यंत्र आणलं. एक रुपया सरकू दिला न्हाई. त्याच यंत्रानं सहाव्या दिवशी अक्षताचा हात ओढला. भंगार दिलं मेल्यानं. म्हणून मारलं. एवढंच आहे.

जय भीम.
आई

---

२४ नोव्हेंबर

सूरज,

तुझं उत्तर न्हाई. पण माझं पत्र परतबी आलं न्हाई, म्हंजे तुला पोचलं.

इथं एका बाईनं मला चहाच्या रांगेत हातोडीवाली म्हणून हाक मारली. मी तिची येणी धरली आन् डोकं भिंतीवर आपटलं, दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार होते, पण हातात येणी होती आन् मला अक्षता आठवली. आता तिची येणी कोण घालून देतं? तू देतोस का? तुला येते का घालता? मी सोडून दिलं त्या बाईला. चार दिवस तिच्या कपाळावर टेंगूळ होतं. आता ती मला अक्का म्हणून राह्यली.

नेहल मॅडमनं दुकानातल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघितला. तो म्हणे सगळ्यांच्या मोबाइलात फिरून आला, मंग तूबी बघितला असशील. म्हणून आता खरं लिहिते. एक न्हाई, तीन मारल्या. अक्षताची तीन बोटं गेली, मी त्याची तीन घेतली. ह्यात मला चूक दिसत न्हाई आन् न्यायाधीशानं इचारलं तरी मी हेच सांगंन.

त्या दिवशीचं तुला ऐकीवच ठाव. मी बघितलंय. अक्षता यंत्राच्या तोंडाशी उभी राहून सोयाबीन टाकत होती आन् मी खाली पोतं धरून बसले होते. एकदम यंत्राचा आवाज बदलला. ओलं काड गेलं की ते गुरगुरतं, तसा. मी बसल्या जागेवरून म्हणले, अगं, ओलं टाकू नको. मंग ट्रॅक्टरवाला ओरडत खाली उडी मारून आला. माझ्या पोत्यात दाणे लाल पडून राह्यले होते आन् मी पोतं तसंच धरून बसलेली. अक्षता ओरडलीच न्हाई. ती नुसती हाताकडं बघत उभी होती. मी तिच्या हाताला पदर गुंडाळला तर पदर क्षणात भिजून जड झाला. तू लग्नात घातलेली अंगठी नंतर त्या पोत्यात सापडली, चेपलेली. ती आता पोलिसांकडं जमा आहे.

दोन दिवस मी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात होते. तिसऱ्या दिवशी तू आलास आन् मला म्हणलास, तू आता इथून जा. मी गेले. घरी जाऊन तुझ्या बापाची गवंडीकामाची हातोडी पिशवीत घातली आन् जाफराबादेची जीप धरली.

बद्रीनाथ काउंटरवर हात ठेवून एका माणसाला पेरणीयंत्राचा भाव सांगत होता. मला बघून म्हणला, या ताई. मी त्याचा उजवा हात धरला. त्याला वाटलं मी पुन्हा बोटं मागून राह्यले, तो हसला. मी कोपरानं त्याचं मनगट काउंटरवर दाबलं आन् पयली मारली. तुराटी मोडावी तसा आवाज आला. जन्मभर पोती उचललेल्या बाईच्या अंगात जेवढं बळ असतं, तेवढं गादीवर बसून सुटलेल्या माणसात नसतं, त्याला हात सोडवता आला न्हाई. दुसरी मारली. तिसरी मारली. तो लेकरावाणी ओरडत होता, त्याच्या नखांतून रक्त यायला लागलं, गिऱ्हाइकं भिंतीला चिकटली. मला बरं वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

तुला माझी लाज वाटत असंल तर वाटू दे. पण अक्षताच्या बाजूनं तेवढं कुणी तरी करायला पाहिजे होतं.

आई

---

७ डिसेंबर

सूरज,

काल सहा डिसेंबर. फोटो न्हाई म्हणून आम्ही चौघी बायांनी वहीच्या पानावर बाबासाहेबांचं नाव लिहिलं, परवानगी मागून मेणबत्ती लावली आन् वंदना म्हणली. मला मधीच शब्द आठवंना. चाळीस वर्षं म्हणून राह्यले आन् काल आठवंना.

परवा तुझा मामा मिथुन भेटायला आल्ता. बसला, पाणी प्यायला, पण माझ्या डोळ्यात बघंना. त्याच्या पोरीचा हात गेला माझ्या घरात, तो कसा बघंल? तो म्हणला, सूरज एकच गोष्ट इचारून राह्यलाय. व्हिडिओत हातोडी चारदा वर जाते. आईनं तीन लिहिलं. मंग चौथी का?

तर ऐक. त्या व्हिडिओला आवाज न्हाई, म्हणून तुम्हाला कळायचं न्हाई. तीन मारून मी थांबले होते. हातोडी खाली ठेवणारच होते. तेव्हा त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर घाण बोलून घेतलं. म्हणला, हिनं भर दुकानात पदराखाली माझा हात धरला, ही यंत्राच्या भावासाठी आलीच न्हाई, हिला दुसरंच पाहिजे होतं. तुझा बाप जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत माझ्याकडं कुणी बोट दाखवलं न्हाई. माझ्या अंगाचा भडका झाला आन् चौथी बसली. कुठल्या पोराला आईबद्दल असं ऐकून घेववंल? तुझ्यासमोर बोलला असता तर तू त्याची मान मोडली असतीस.

नेहल मॅडम म्हणते, हे सांगितलं तर आपल्या उपयोगाचं आहे. पण तिला साक्षीदार मिळंना. जे भिंतीला चिकटले होते ते म्हणतात, आम्हाला ओरडण्यात काही ऐकू आलं न्हाई. तिनं जामिनाचा अर्ज टाकते म्हणलं, मी नको म्हणले. बाहेर येऊन कुणाच्या घरात जाऊ? गावातल्या घराला तू कुलूप लावून गेलास.

अक्षताला सांग, आत्यानं इचारलंय. जेवते का तेवढं तरी मिथुनजवळ कळव.

आई

---

११ जानेवारी २०२५

सूरज,

काल अक्षता आल्ती. तुला सांगून आली का चोरून, मला ठाव न्हाई, मी इचारलं न्हाई. तू तिच्यावर चिडू नको. चिडायचं ते सगळं माझ्यावर चिड, हे पत्र वाचून झाल्यावर.

जाळीच्या पलीकडं ती बसली. बारीक झाली. केस कापून टाकलेत तिनं, मानेपर्यंत. म्हंजे येणीचा प्रश्न तिनं तिच्या परीनं मिटवला. उजवा हात ओढणीत होता. मी रडायला लागले तर म्हणली, आत्या, रडू नका, येळ कमी आहे, मला एक इचारायचंय. मंग तिनं हात ओढणीतून बाहेर काढला आन् दोघींच्या मधी धरला. अंगठा आन् करंगळी. मधली जागा नुसती गुळगुळीत, गुलाबी. मी तोपर्यंत बघितली नव्हती.

ती म्हणली, "तुमी त्याची किती मोडली?"

मी म्हणले, चार.

"माझी तीन गेली. चौथं कुणाचं?"

मी पदराचं सांगायला लागले, तुला लिहिलं तेच. तिनं पुरं होऊ दिलं न्हाई. म्हणली, आत्या, तो माणूस तसा न्हाई, तो पैशाचा हरामी आहे पण बाईवर घाण बोलणारा न्हाई, मी तुमच्यासंगं त्याच्या दुकानात दोनदा आल्ते, मला तो पोरी म्हणायचा. मंग ती नुसती बघत राह्यली माझ्याकडं. सूरज, पोलिसांनी मला दोन रात्री इचारलं तेव्हा मी तोंड उघडलं न्हाई, आन् त्या पोरीच्या बघण्यापुढं उघडलं.

तो तसं बोलला न्हाई. ते मी रचलं. अशा गोष्टीवर पोरगा आईला माफ करतो, म्हणून रचलं.

आता जे झालं ते लिहिते. पायरीवर बसले होते त्या दिवशी संध्याकाळी बद्रीनाथनं मला आत बोलावलं. नव्या यंत्राच्या तोंडावर लांब पन्हाळ असते, वरून झाकलेली. तिच्यात कोपरापर्यंत हात घातला तरी आतल्या दातांना लागत न्हाई. ती बसवलेलं यंत्र सव्वातीनला. तो म्हणला, ताई, तुमचा शब्द राहू द्या, माझाबी राहू द्या. पन्हाळ काढून घेतो, दोन ऐंशीला न्या. खरं तर असं इकता येत न्हाई, कुणाला सांगू नका.

मी म्हणले, काढ.

आन् पैसे नव्हते असं न्हाई. आदल्या दिवशीच बाया म्हणल्या होत्या, बेबीनंदा, जाऊ दे, वरचे पंचेचाळीस हजार आपण गोळा करू, पण चांगलं यंत्र आणू. मीच नको म्हणले. मी त्यांच्यासमोर छाती ठोकून सांगितलं होतं, कचरूच्या पोरीनं घेतलेली बोटं आहेत, भाव हलायचा न्हाई. भाव हलला असता तर माझं नाक खाली झालं असतं. नाकासाठी मी पन्हाळ काढू दिली. यंत्र गावात आलं तेव्हा मी त्याला हार घातला, पेढे वाटले, दहा जणांना सांगितलं, बघा, एक रुपया सरकू दिला न्हाई.

अक्षतानं तेव्हाच यंत्राभोवती एक चक्कर मारली होती. मला इचारलं, आत्या, ह्याचं तोंड आखूड कसं? मी म्हणले, नवीन मॉडेल आहे. ती हसली आन् कामाला लागली. सहा दिवस ती माझ्या त्या एका शब्दावर तोंडाशी उभी होती.

काल तिनं एवढंच म्हणलं, "मी इचारलं होतं तुमाला."

मी म्हणले, इचारलं होतंस.

मंग चौथं. तीन मारून मी थांबले होते, हे खरं आहे. तीन बोटांचा हिशेब झाला होता माझ्या डोक्यात. बद्रीनाथ काउंटरवर डोकं टेकून रडत होता. रडता रडता म्हणला, ताई, पन्हाळ काढ म्हणून तुमीच म्हणलात की. एवढंच बोलला. हळू बोलला, म्हणून कुणाला ऐकू गेलं न्हाई. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते त्यानं पुन्हा बोलू नये म्हणून मी चौथी मारली. ती सगळ्यात जोरात मारली. करंगळी होती ती, तिचा चुरा झाला. तेव्हा मला बरं वाटलं न्हाई.

हे सगळं मी अक्षताला जाळीतून सांगितलं. पहाऱ्यावरच्या बाईनं येळ झाली म्हणून आवाज दिला. अक्षता उठली, हात पुन्हा ओढणीत घातला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या.

ती म्हणली, "त्यानं भाव वाढवला म्हणून एवढं झालं. माझी तीन घेऊन झाल्यावर तुमीबी वाढवलाच की, आत्या."

आन् गेली. जाताना वळून बघितलं न्हाई, अगदी तू गेलास तशी.

काल रात्रभर मी बसून होते. आज नेहल मॅडमला सगळं सांगितलं. तिचं तोंड उतरलं. म्हणली, मावशी, पन्हाळीचं कुठंच आलेलं न्हाई. पोलिसांच्या कागदात न्हाई, त्यानं दिलेल्या जबाबातबी न्हाई. तो बोलला तर बिनपन्हाळीचं यंत्र इकलं म्हणून तो अडकतो. तुम्ही बोलला तर चौथा वार रागाच्या भरात न्हाई, तोंड बंद करायला मारला असं होतं, तुम्हाला जास्त बसंल. तुम्ही दोघं गप्प राह्यलात तर दोघांचंबी भागतं. एकदाच संताप झाला, भान राह्यलं न्हाई, एवढंच म्हणा.

पोर चांगली आहे, माझ्या भल्याचंच सांगून राह्यली. पण मला तिचं ऐकता ऐकता कळलं की हा माझा आन् बद्रीनाथचा दुसरा सौदा आहे. तोबी गप्प, मीबी गप्प. त्याचा हात प्लास्टरात, माझा इथं, तरी दोघांनी पदराखाली एकमेकांची बोटं धरूनच ठेवलीत. आन् किंमत पुन्हा अक्षतानंच द्यायची. तिला अजून कुणी एक रुपया भरपाई दिली न्हाई, कारण कागदावर तो नुसता अपघात आहे, पोरीचंच ध्यान नव्हतं असं लिहिलंय. तिचं ध्यान होतं. ध्यान होतं म्हणून तर तिनं इचारलं होतं.

वीस तारखेला, सोमवारी, माझी कोर्टात तारीख आहे. मी न्यायाधीशासमोर पन्हाळीचं सांगणार आहे, नवीन मॉडेलचं सांगणार आहे, चौथ्या बोटाचं सांगणार आहे. मी हात मागं घेणार आहे.

अक्षताला हे वाचून दाखव. किंवा तिच्या हातात दे, ती वाचंल. त्या सोमवारी कोर्टात यायचं असलं तर साडेदहाच्या आत ये, नंतर आत सोडत न्हाईत. न्हाई आलास तरी मी बोलणारच.

आई